मुलाखतीची तालीम

धाकट्या जोडप्याने परदेशी जायचं हे ठरलंच होतं. भांडण चाललं होतं ते कोणत्या वाटेने जायचं याचं, आणि त्यात पडलेले तट मात्र नेहमीचे नव्हते. या घरात भांडण म्हणजे वरचा मजला विरुद्ध खालचा मजला, हे दोन्ही सुना घरात आल्यापासून पक्कं होतं. या वेळी खालच्या मजल्यावरच्या धाकट्याने स्वतःच्या बायकोला सोडून वरच्या वहिनीचा पक्ष धरला. माईही, म्हणजे दोघा भावांची आई, तिकडेच जाऊन बसल्या. थोरला नेहमीप्रमाणे कुठल्याच बाजूला नव्हता. धाकटी एकटी पडली होती.

एजंटाला सुट्टीच्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावर बोलावलं होतं. गुळगुळीत दाढीचा, सगळ्यांना एकाच गोडीने हसून दाखवणारा माणूस. त्याने चहा नको म्हटलं आणि दोन कप प्यायला.

"पुन्हा एकदा सांगतो," तो म्हणाला. "पहिली वाट वर्क परमिटची. तिकडच्या कंपनीला वेल्डर हवेत, साहेब परीक्षा पास झालेत, कंपनी बोलवायला तयार आहे. पण आधी साहेब एकटे जाणार. वर्ष-दीड वर्षात तिथे बस्तान बसलं की मग घरच्यांसाठी अर्ज. दुसरी वाट शिक्षणाची. मॅडमनी तिकडे वृद्धसेवेचा कोर्स करायचा. विद्यार्थी मॅडम, आणि घरचे त्यांच्यासोबत, सगळे एकाच विमानात. साहेबांना तिकडे कामही करता येतं. मात्र फी आपल्या खिशातून. आणि चाळिशीत शिकायला का निघालात, याचं पटेल असं उत्तर तयार ठेवावं लागतं."

"ते उत्तर आम्हालाही हवंय," थोरली म्हणाली.

थोरली एका मोठ्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करत असे. तिचा आवाज मऊ झाला की सुई आत जाणार, हे घरातल्या सगळ्यांना अनुभवाने कळलं होतं. आत्ता तो अगदी मऊ होता.

"अगं, तू वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं सगळं करतेसच की इतकी वर्षं. तेच करायला एवढ्या लांब जाऊन वह्यापुस्तकं कशाला? भाऊजींना कंपनी स्वतःहून बोलावतेय. मानाने जातील. तर तू म्हणतेस, नको, मी दप्तर घेऊन पुढे होते, नवरा येईल मागून."

"वहिनी बरोबर बोलतायत," धाकटा म्हणाला. टाक्यांचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरी बसून होता आणि त्याची तोंडावरची चमक गेली होती. कंपनीचं बोलावणं आल्यापासून तो रोज दाढी करू लागला होता. "मी कामगार म्हणून जाईन. बायकोचं शेपूट म्हणून नाही."

"माझं शेपूट व्हायला तुम्हाला लाज वाटते?" धाकटीने विचारलं. "घरी बसून माझ्या पगारावर जेवताना नाही वाटली ती?"

माईंनी जीभ चावली. एजंट आपल्या लॅपटॉपकडे बघायला लागला. घरच्या भांडणात लॅपटॉपकडे कसं बघायचं हे त्याच्या धंद्यात बहुधा शिकवत असावेत.

"बरं," तो हलकेच म्हणाला, "वाट कुठलीही घ्या. फाइलमध्ये माणसं किती?"

"दोन," धाकटा म्हणाला.

"तीन," धाकटी म्हणाली.

स्वयंपाकघरात कपबशा विसळल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"तिसरं कोण?" धाकट्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं. त्याने थोरलीकडे बघितलं नाही.

"बबडी," धाकटी म्हणाली. "माझी मुलगी."

*

घरातल्या दोघा पुरुषांना ही गोष्ट आत्ता कळत होती. थोरलीला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. लॅबमधल्या एकीची बहीण अशीच शिक्षणाच्या वाटेने गेली होती. अठराच्या आतली मुलं आईबापांबरोबर जाऊ शकतात, अठरा पूर्ण झाली की नाही, हे थोरलीने तिच्याकडून केव्हाच ऐकून ठेवलं होतं. बबडीला येत्या हिवाळ्यात अठरा पूर्ण होत होती. वर्क परमिटने गेलं तर धाकट्याचं बस्तान बसेपर्यंत बबडी नियमातून बाहेर पडणार होती, म्हणून थोरलीला दिराच्या मानाचा एवढा पुळका आला होता. आणि धाकटीला शिक्षणाचा आला होता तो त्याच कारणाने. गेला महिनाभर दोघी जावा फी, मान, वय, थंडी, इंग्रजी अशा सगळ्यांवरून कडाकडा भांडल्या होत्या, आणि जिच्यासाठी भांडत होत्या तिचा उल्लेख एकीनेही केला नव्हता.

बबडी जन्मली ती धाकटीच्या पोटी. बाळंतपणानंतर धाकटीचं डोकं फिरलं. ती कुणाला ओळखेना, मुलीला जवळ आणलं की किंचाळायची. तिला मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. त्याच सुमाराला थोरलीचं मूल पोटातच गेलं होतं आणि पुन्हा होणार नाही असं डॉक्टरने सांगितलं होतं. माईंनी खालच्या मजल्यावरचं बाळ उचललं आणि वर नेऊन थोरलीच्या मांडीवर ठेवलं. कित्येक महिन्यांनी धाकटी बरी होऊन परतली तेव्हा बाळ तिला बघून थोरलीच्या खांद्यात तोंड लपवायला लागलं होतं. "राहू दे वर," माई म्हणाल्या. "तुला अजून होतील. तिला नाही होणार." धाकटा काही बोलला नाही, धाकटी बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. कागद करायचा विषय थोरल्याने एकदा काढला होता. "घरातल्या घरात कसला कागद?" माई म्हणाल्या. "मूल काय परगावी चाललंय? एक जिना चढून गेलंय."

धाकटीला पुढे मूल झालं नाही. तिने सोळा-सतरा वर्षं डोक्यावरच्या छतातून त्या मुलीची पावलं ऐकली. आधी रांगणं, मग दुडकं धावणं, मग दोरीवरच्या उड्या. जिन्यात भेटली की मुलगी "काकू" म्हणून हाक मारायची. धाकटी "काय गं" म्हणायची आणि पुढे जायची, कारण थांबली तर काय होईल याचा तिला भरवसा नव्हता.

*

"तू तिला नेणार?" थोरली म्हणाली. आवाजातला मऊपणा गेला होता. "रात्र-रात्र ताप उतरवला मी. शाळेत मी सोडलं, मी आणलं. दात आले, पडले, पुन्हा आले, सगळं माझ्या डोळ्यांसमोर. आणि तू फाइलमध्ये नाव घालून नेणार?"

"नाव मी घातलेलं नाही, ताई. ते जन्मापासून तिथेच आहे."

"म्हणजे इतकी वर्षं तू टपून बसली होतीस."

"हो," धाकटी म्हणाली. "बसले होते. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी तुझ्या जागी असते तर मूल बघून किंचाळले नसते!"

हे बोलून झाल्यावर थोरलीला स्वतःलाच वाईट वाटलं, पण शब्द माघारी घ्यायची या घराला सवय नव्हती. धाकटीचा चेहरा पांढरा पडला. धाकटा उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला. तिथे शेजाऱ्यांची मोटरसायकल सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

"मॅडम, तुम्ही आता दत्तक घेतली तर?" एजंट मध्येच म्हणाला. गिऱ्हाईक हातचं जाईल अशी त्याला भीती वाटायला लागली असावी. "म्हणजे रीतसर. कोर्टातून."

"घेते की! उद्या घेते."

"मग ती यांच्या फाइलमधून जाते. कागदावर एका मुलीला एकच आई चालते."

"मग जाऊ दे फाइलमधून. मला तेच हवंय."

"सही मी करणार नाही," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी माईंकडे बघितलं. हे सगळं मांडून ठेवलं होतं ते त्यांनी. माईंना आपण चुकलो असं कधी वाटलं नव्हतं. त्यासाठी सवड लागते, आणि माईंचं आयुष्य दुसऱ्यांच्या भानगडी मिटवण्यात गेलं होतं. त्यांनी गुडघे चोळले.

"मी तेव्हा दोघींना जगवलं," त्या म्हणाल्या. "एकीला रिकाम्या कुशीतून, एकीला त्या आजारातून. आता दोघी मला खायला उठल्यात."

"तुम्हाला कोण बोललं माई?" धाकटीने विचारलं.

"बोलत नाहीस तेच. नुसती बघतेस." मग त्या थोरलीकडे वळल्या. "तुला एक सांगू? पोरगी इथे राहिली तर तुझी राहील असं वाटतं तुला. उद्या लग्न करून जाईलच की कुठेतरी. तिकडे गेली तर निदान शिकेल. इथे दोनदा प्रवेशपरीक्षा देऊन झाली, कुठे लागला नंबर?"

माईंनी पक्ष बदलला होता. थोरलीने त्यांच्याकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे. आता तरी हा बोलेल असं तिला वाटलं.

आणि थोरला बोलला. पण बोलला ते भलतंच.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली की लोक त्याला बोलवत. त्याचा स्वभावही त्यामुळेच तसा झाला होता: खाली-वरच्या आरडाओरड्याकडे लक्ष न देता एकच गोष्ट बघायची.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. "अडकलीय पोरगी. निघतेय तर निघू दे."

"अडकलीय?" थोरली म्हणाली. "कशात? माझ्यात?"

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलंत. तुम्ही तिला बाबा म्हणवून घेतलंत ना हो इतकी वर्षं? एवढं सोपं आहे ते सोडणं?"

"सोपं नाही," थोरला म्हणाला. त्याचा आवाज चिरकला आणि त्याने पुढे काही बोलायचा प्रयत्न केला नाही. आणखी काही बोललो तर आपणच आधी रडू आणि मग मुलगी जाणार नाही, हे त्याला कळत होतं. थोरलीला ते दिसलं नाही. तिला एवढंच दिसलं की खोलीत आता तिच्या बाजूला एकटा दीर उरला आहे, आणि तो खिडकीतून मोटरसायकल बघतो आहे.

"भाऊजी?"

धाकटा वळला. आयुष्यात त्याने एकच मोठा निर्णय घ्यायला हवा होता, सतरा वर्षांपूर्वी, आणि तेव्हा तो गप्प बसला होता. त्याने बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडून काही मिळेल ही आशाच तिने सोडली होती.

"शिक्षणाचीच वाट घेऊ," तो एजंटाला म्हणाला. "शेपूट तर शेपूट."

*

बबडी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे हात ओले होते. तान्ही असताना ती गुबगुबीत होती म्हणून तिला बबडी नाव पडलं. आता ती उंच आणि वाळकी झाली होती, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तिला सगळं कधीपासूनच माहीत होतं. घरात कुणी लपवलं नव्हतं, फक्त कुणी बोललं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर आईच्या जागी काकूचं नाव होतं, आणि दर वर्षी नव्या बाई विचारायच्या, तेव्हा ती "चुकून पडलंय" म्हणायची. वर आई काकूबद्दल बोलताना ती मान डोलवायची. जिन्यात काकू तिच्याकडे बघायची ते तिला पाठीवर जाणवायचं. आपल्याला दोन आया आहेत असं तिला कधी वाटलं नाही. दोन घरांमध्ये आपण एक ठेव आहोत, आणि दोघीही ती मोडायला घाबरतात, असं वाटायचं. आजही खोलीत सगळे बोलले होते, एजंटसुद्धा. तिला काय हवंय हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

"मी जाते," ती म्हणाली.

"कुणाबरोबर?" थोरलीने विचारलं.

"जो नेईल त्याच्याबरोबर."

"बबडे, माझ्याकडे बघून बोल."

बबडीने बघितलं नाही. बघितलं तर जाता येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तिला जायचं होतं. या घरातून, या जिन्यावरून, एकदाचं. त्यासाठी ती काहीही म्हणायला तयार होती.

"काका, माझा पासपोर्ट काढावा लागेल ना?" तिने धाकट्याला विचारलं.

*

"तर आता थोडं व्हिसाच्या मुलाखतीबद्दल," एजंट खुर्चीत सावरून बसला. त्याच्या दृष्टीने भांडण संपलं होतं. "ऑफिसर मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारतात. मूल खरंच आईवडिलांवर अवलंबून आहे का, बघतात. ही वर राहते, यांना काकू म्हणते. हे कळलं तर फाइल खलास."

"पण ती खरंच यांची मुलगी आहे ना," थोरला म्हणाला. "खरं सांगायला काय होतं?"

"खरं एका वाक्यात बसत नाही साहेब, आणि तिकडे वाक्य एकच बोलू देतात. आजपासून मुलीने खाली राहायला यायचं. अभ्यासाचं टेबल, कपडे, सगळं खाली. यांना आई म्हणायची सवय करायची, यांना बाबा. उठता-बसता. ऐन वेळी जीभ घसरली तर मी काही करू शकत नाही. एकदा तालीम करून बघू या? मी विचारतो."

"मी विचारते," थोरली म्हणाली.

"वहिनी, कशाला—"

"मी विचारते, भाऊजी. ती कुठे अडखळते ते मला जास्त कळेल."

ती अडखळेल, याच एका गोष्टीवर थोरलीची सगळी भिस्त होती. लहानपणी खोटं बोलताना बबडीचे कान लाल व्हायचे. तोंडाने काही म्हणेल, पण तो शब्द उच्चारायची वेळ आली की घशात अडकेल, रडेल, उठून आपल्याकडे येईल. मग एजंट लॅपटॉप बंद करेल. थोरलीने खुर्ची पुढे ओढली आणि लॅबमध्ये घाबरलेल्या पेशंटसमोर बसायची तशी मुलीसमोर बसली. धाकटी बबडीच्या शेजारच्या खुर्चीत होती. दोघींमध्ये चांगलं हातभर अंतर होतं.

"कोणाकोणाबरोबर चालली आहेस?"

"आईबरोबर आणि बाबांबरोबर."

"आई कुठे आहे तुझी?"

बबडीने हात उचलून धाकटीच्या दंडावर ठेवला. "ही माझी आई."

कान लाल झाले नाहीत. आवाज कापला नाही. धाकटी सतरा वर्षं हा शब्द ऐकायला थांबली होती. तो कसा येईल याची तिने किती प्रकारे कल्पना केली होती, आजारपणात, पश्चात्तापात, एखाद्या संध्याकाळी जिन्यात अचानक. तो आला तो तोंडी परीक्षेत पोरं उत्तर देतात त्या आवाजात. दंडावरचा हात ओला आणि गार होता आणि जेवढा वेळ ठेवायला हवा तेवढाच वेळ राहिला.

"फारच छान," एजंट म्हणाला.

थोरलीने ओठ आवळले. "आणि मी कोण तुझी?"

"तुम्ही काकू. वर राहता."

माईंनी तोंड फिरवलं. थोरला उठून बाहेर गेला आणि जिन्यातून त्याचा वर जाण्याचा आवाज आला, मध्ये एकदा थांबून. 'तुम्ही' म्हणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिने स्वतःहून घातलं होतं.

"बस्स, उत्तम," एजंट म्हणाला. "अशीच उत्तरं द्यायची. मॅडम, झालं आपलं."

"एक राहिलंय," थोरली म्हणाली. एजंटाच्या प्रश्नांत हा नव्हता. तिने मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवायला उचलला आणि परत आपल्या मांडीवर ठेवला. "काकूला सोडून जाताना वाईट वाटेल का तुला?"

बबडी पहिल्यांदाच गोंधळली. तिने थोरलीकडे बघितलं नाही, धाकटीकडेही नाही. तिने एजंटाकडे बघितलं.

"याला काय म्हणायचं?" तिने विचारलं.

एजंटाने विचार केला. "थोडं वाटेल, म्हणायचं. जास्त नको. जास्त म्हटलं की त्यांना संशय येतो."

"थोडं वाटेल," बबडी म्हणाली.